पहिलं बाळंतपण माहेरी, रेशन कार्ड सासरी : नांदेड-लातूरच्या घरात पैसा नेमका कुठे अडकतो?

घरात पहिलं बाळ येणार म्हटलं की मोबाईलला आधी कळतं. दोन-चार वेळा काही सर्च केलं की रील्समध्ये पाळणे, स्टेरिलायझर, बेबी कॅरिअर, 'हॉस्पिटल बॅगमध्ये काय काय हवं' अशा याद्या सुरू होतात. महिन्याला दहा-बारा हजारांत घर चालवणाऱ्याने ती यादी बेरीज करून पाहिली, तर मूल होऊ देणं ही श्रीमंतांचीच गोष्ट वाटावी.

पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या कमी कमाईच्या घरात पाळण्यापायी कुणी कर्जबाजारी होत नाही. झोळी जुन्या साडीची होते, बाळुती आजीच्या लुगड्याची होतात. पैसा जातो दुसरीकडे. ऐनवेळी बदललेल्या दवाखान्यात जातो, रात्रीच्या गाडीभाड्यात जातो, बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांत जातो. आणि सरकारकडून जो येणं शक्य असतो, तो सासर आणि माहेर या दोन गावांच्या मध्ये कुठेतरी अडकतो.

समजा, मुलगी लोहा तालुक्यातली, म्हणजे नांदेड जिल्ह्यातली. दिली अहमदपूर तालुक्यात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. दोन्ही तालुके एकमेकांना लागून. सोयरीक म्हणून अंतर काहीच नाही. पण सरकारी कागदासाठी हे दोन जिल्हे, दोन जिल्हा परिषदा, दोन आशाताई आणि दोन अंगणवाड्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते आणि बाळ तीनेक महिन्यांचं झालं की परत येते. नेमक्या याच काळात सगळ्या योजनांचे कागद व्हायचे असतात.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही

पहिली अडचण तर बातमीचीच. तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर सांगायचं नाही, हा अनेक घरांतला रिवाज. चोरओटी हा शब्दच त्यातून आला. आरोग्य खात्याचं म्हणणं मात्र उलटं आहे : पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी करा. म्हणजे घराच्या हिशेबाने सांगायची वेळ येते, तेव्हा खात्याच्या हिशेबाने वेळ संपत आलेली असते.

ही नोंदणी होते गावातल्या आशाताई किंवा एएनएम यांच्याकडे. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि त्यावर आरसीएच नंबर पडतो. पुढची सगळी गाडी या नंबरावर चालते. हा नंबर गावाला बांधलेला नसतो. अहमदपूरच्या गावात पडलेला नंबर लोह्यातल्या गावात चालतो. पण कार्ड सासरी कपाटात राहिलं आणि माहेरच्या एएनएमने नवं कार्ड काढलं, की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. मग कोणती नोंद खरी, हे सांगत बसायचं काम त्या बाईचं.

मराठवाड्यात बालविवाहाचं प्रमाण जास्त असल्याने आणखी एक गोष्ट होते, जी उघड बोलली जात नाही. अठरा वर्षं पुरी न झालेल्या मुलीला दिवस गेले तर दवाखान्याला पोलिसांना कळवणं कायद्याने भाग आहे. त्या भीतीने घरचे नोंदणीच टाळतात. जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तीच यादीबाहेर राहते.

पाच हजार म्हणजे किती दिवसांची मजुरी?

पहिल्या बाळासाठी केंद्र सरकारची मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. तिच्यामागे एक कायदा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याची तरतूद आहे. सरकारी नोकरीत असणाऱ्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया सोडून सगळ्यांना. कायदा झाल्यावरही देशभर पैसे मिळायला चार वर्षं गेली. ३१ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतरच्या भाषणात, पंतप्रधानांनी ६,००० रुपयांची घोषणा केली. योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली, ती ५,००० रुपयांची आणि फक्त पहिल्या अपत्यापुरती. उरलेले हजार जननी सुरक्षा योजनेतून येतील, असा हिशेब मांडण्यात आला.

आता तो हिशेब महाराष्ट्रात लावून बघा. जननी सुरक्षा योजनेत आपल्याकडे ग्रामीण भागातल्या मातेला ७०० आणि शहरातल्या मातेला ६०० रुपये मिळतात, तेही अनुसूचित जाती-जमाती किंवा दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली असेल तरच. पाच हजार अधिक सातशे, म्हणजे ५,७००. सगळं सुरळीत झालं, एक कागद परत आला नाही, तरी कायद्यातल्या आकड्याला तीनशे कमीच. ज्या बाईला जननी सुरक्षाच लागू नाही, तिला पूर्ण हजार कमी.

१ एप्रिल २०२२ पासून योजना बदलली. तीन हप्त्यांचे दोन झाले : गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की ३,०००, बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या टप्प्यातलं लसीकरण पूर्ण झालं की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. पहिल्या बाळाची रक्कम मात्र २०१७ ला होती तीच राहिली.

ती 'तीच राहिली' म्हणजे काय, हे मजुरीत मोजलं की कळतं. २०१७-१८ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. पाच हजार म्हणजे जवळपास २५ दिवसांची मजुरी. २०२५-२६ साली हाच दर ३१२ रुपये झाला. पाच हजार आता १६ दिवसांचे. बाळंतपणात बुडणाऱ्या मजुरीची अंशतः भरपाई हाच योजनेचा सांगितलेला हेतू. म्हणजे एकही आदेश न काढता या बाईची नऊ दिवसांची विश्रांती कापली गेली.

शेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. वर्षाचे १८,०००. पात्र बाईला चार महिन्यांत जेवढे मिळतात, तेवढेही पहिल्या बाळंतपणाचे मिळत नाहीत. त्यात लाडकी बहीणसाठी वयाची अट २१ वर्षांची. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आई होणारी मुलगी त्यातही नाही. तरी या योजनेने एक काम नकळत केलं. लाखो बायकांची बँक खाती आधारशी जोडली गेली. मातृवंदनेचे पैसेही आधार जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे तो एक हेलपाटा वाचला.

उरतो तो नावाचा घोळ. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. काही घरांत लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलतात. अशा वेळी धावपळ करून सगळीकडे नाव बदलण्याची गरज नसते. अर्जावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षराला अक्षर जुळायला हवं आणि ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलं गेलं, तेच खातं चालू हवं. नवऱ्याचं आधार नाही म्हणून अर्ज अडवला जात असेल, तर २०२२ नंतरच्या नियमांत ती सक्ती नाही, हे सांगता यायला हवं. एकट्या आणि सोडून दिलेल्या बायकांसाठीच ती अट काढली होती.

हे सोडून मानव विकास कार्यक्रमात बसणाऱ्या १२५ तालुक्यांत 'बुडीत मजुरी' नावाची वेगळी मदत आहे : अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर मातांना ४,००० रुपये, निम्मे नवव्या महिन्यात आणि निम्मे बाळंतपणानंतर. नांदेडमधले अनेक मागास तालुके या कार्यक्रमात आहेत. ही योजना ज्यांच्यासाठी आहे त्यांनीच तिचं नाव ऐकलेलं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन 'बुडीत मजुरी' हाच शब्द वापरून विचारलेलं बरं. किनवटसारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण आहे. आणि मुलगी झाली तर लेक लाडकी योजना : १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १,०१,००० रुपये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडमध्ये काय झालं?

आता सगळ्यात महाग निर्णयाकडे येऊ. बाळंतपण कुठे करायचं?

कागदावर याचं उत्तर सोपं आहे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, सिझेरियन मोफत, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण मोफत. घरून दवाखान्यात आणणं, तिथून मोठ्या दवाखान्यात हलवणं आणि घरी सोडणंही मोफत. बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचेही उपचार मोफत. यात उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही, कितवं मूल याचीही नाही.

मग दागिने गहाण ठेवून लोक खासगीत का जातात? याला 'दिखावा' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे विष्णुपुरीच्या दवाखान्यात, २४ जणांचा मृत्यू झाला. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आकडा ३१ वर गेला आणि बाळांचा १६ वर. औषधांच्या आणि माणसांच्या टंचाईची चर्चा राज्यभर झाली. प्रशासनाचं म्हणणं होतं की औषधं होती, पण बाळं अगदी शेवटच्या टप्प्यावर, अनेकदा खासगी दवाखान्यांतून हलवून इथे आणली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत तिथे आलेल्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावल्याचा व्हिडिओ फिरला आणि दोन दिवस टीव्हीवर बाळांपेक्षा तो व्हिडिओच जास्त दिसला.

या घटनेचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला : आसपासच्या कितीतरी तालुक्यांचा, शेजारच्या हिंगोलीचा, तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांचा भार एका रुग्णालयावर पडतो आणि नवजात बाळांच्या कक्षात जागेपेक्षा जास्त बाळं असतात. ज्यांनी हे पाहिलं, त्यांनी पुढच्या वेळी कर्ज काढून खासगीत जायचं ठरवलं तर त्यांना नावं ठेवता येत नाहीत. दुसरा : खासगीत पैसे संपल्यावर किंवा हाताबाहेर गेल्यावर बाळ शेवटी इथेच येतं. म्हणजे खासगीत गेलं की धोका टळतो, हेही खरं नाही. कधीकधी आधी पैसे जातात आणि मग वेळही गेलेली असते.

डॉक्टर लेनमधल्या एखाद्या दवाखान्यात पहिल्या महिन्यापासून नाव घातलं म्हणजे बाळाला व्हेंटिलेटर लागला तर तो तिथे मिळेलच असं नाही. विचारायचा प्रश्न हाच आहे : 'बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथेच ठेवाल की पाठवाल? कुठे?' हा प्रश्न सातव्या महिन्यात विचारला तर डॉक्टर शांतपणे उत्तर देतात. रात्री दोन वाजता कुणी विचारतही नाही.

सिझेरियनचा फरक

दुसरा मोठा खर्च सिझेरियनचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात शंभरपैकी २१.५ बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. तिपटीहून जास्त. गुंतागुंतीच्या केसेस खासगीत जास्त जातात असं म्हणावं, तर त्या शेवटी सरकारी मेडिकलमध्येच जास्त येतात, हे विष्णुपुरीत दिसलंच. सिझेरियन गरजेचं असतं तेव्हा ते जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. पण दोघांपैकी एक बाळंतपण ऑपरेशननेच होणार असेल, तर खासगीत नाव घालणाऱ्या घराने 'नॉर्मल झालं तर एवढे' हा आकडा धरून चालणं म्हणजे पाऊस पडेलच म्हणून पेरणी करणं आहे. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा सिझेरियनचा, औषधांसकट आणि खोलीच्या भाड्यासकट, पूर्ण आकडा आधी विचारून घ्यायचा. तो झेपत नसेल तर शेवटच्या क्षणी पळण्यापेक्षा आधीच सरकारी दवाखान्यात नाव घालून ठेवायचं. नांदेड आणि लातूर, दोन्ही शहरांत शासकीय मेडिकल कॉलेज आहे आणि वेगळं स्त्री रुग्णालयही आहे. विष्णुपुरी हा एकच पर्याय नाही. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर रोज असतात का, हे आशाताईंना माहीत असतं. नसतील तर ऐनवेळी 'पुढे घेऊन जा' हे ठरलेलं, मग पहिल्यापासूनच पुढचा दवाखाना धरलेला बरा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. चौथ्या महिन्यापासून तिथे गेलं तर जोखमीची केस आहे की नाही, हे कळायला खासगी फी लागत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, काळ्या शौचाला घाबरून त्या अर्ध्यावर सोडल्या जातात आणि शेवटी रक्ताची पिशवी शोधत फिरायची वेळ येते.

पाच लाखांपर्यंतच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल एक गैरसमज आहे. ती आता सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू आहे, पण साधं बाळंतपण त्यात बसत नाही. आजारी नवजात बाळाचे बरेच उपचार बसतात. म्हणून खासगी दवाखाना निवडताना तो या योजनेत आहे का, हे बाळासाठी विचारायचं, आईसाठी नव्हे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भरती होतानाच भेटायचं, बिल झाल्यावर नाही.

'मोफत' मध्ये काय काय येत नाही

त्याच सर्वेक्षणात आणखी एक आकडा आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरांनाही खिशातून सरासरी २,९१६ रुपये घालावे लागले. मोफत असूनही. यात काय काय असतं, ते ज्यांनी चार रात्री वॉर्डाबाहेर सतरंजीवर काढल्यात त्यांना माहीत आहे. सोबतच्या दोघांचं जेवण, गावाकडून डबा आणणाऱ्याचं पेट्रोल, बाहेरची सोनोग्राफी, बाहेरून आणलेलं इंजेक्शन, बाळ झाल्यावर वॉर्डात 'पेढ्याचे' म्हणून मागितले जाणारे पैसे. हे शेवटचे देणं बंधनकारक नाही, पण त्या क्षणी नाही म्हणणारा बाप विरळा.

सरकारी दवाखान्यात जायचं असलं तरी चार-पाच हजार रुपये रोख बाजूला हवेतच, आणि ते मातृवंदनेचा हप्ता येईल या भरवशावर नकोत. सोयाबीनवर चालणाऱ्या घरात हाच खरा पेच आहे. हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आसपास. बाळ जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये यायचं असेल, तर बियाणं आणि खतात सगळं गेलेलं असतं. २०२४ च्या हंगामात बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. २०२५ मध्ये ऑगस्टात मुखेड तालुक्यात पुराने गावं पाण्याखाली गेली आणि सप्टेंबरात मराठवाड्याच्या मोठ्या भागात उभी पिकं वाहून गेली. अशा वर्षी ज्या घरात बाळंतीण होती, तिथे प्रश्न पैशांचाही होता आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याचाही. पावसाळ्यात तारीख असेल आणि गावाला नाला-ओढा आडवा येत असेल, तर आठवडाभर आधीच तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे मुक्काम हलवणं हे कुठल्याही पाळण्यापेक्षा मोलाचं.

हा खर्च कोण करतं? रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण मुलीच्या बापाचं. लग्नाचं कर्ज फिटलेलं नसताना. जावई कमावता असला तरी खर्च विचारत नाही आणि सासरा सांगत नाही. मातृवंदनेचे पैसे आले तर ते मुलीच्या खात्यात, म्हणजे बहुतेकदा सासरच्या घरात. दवाखान्याचं बिल मात्र माहेरच्या घरात. दोन्ही घरांनी सहाव्या महिन्यात एकदा बसून आकडे मांडले, तर निम्मा ताण कमी होईल. डोहाळजेवणाला मंडप टाकायचा की तेच पैसे दवाखान्यासाठी ठेवायचे, हेही तेव्हाच ठरतं.

सीमेपलीकडचं किट

नांदेडच्या लोकांना या सगळ्याची तुलना करायला लांब जावं लागत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट यांच्या शेजारी तेलंगणा आहे. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने 'केसीआर किट' सुरू केलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं तर मुलगा असल्यास १२,००० आणि मुलगी असल्यास १३,००० रुपये टप्प्याटप्प्याने, शिवाय साबण, तेल, मच्छरदाणी, कपडे असं बाळाचं सामान. हे फक्त तेलंगणाच्या रहिवाशांना. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, एक सीमेच्या अलीकडे दिलेली, एक पलीकडे, यांच्या पहिल्या बाळंतपणात सात-आठ हजारांचा फरक. २०१८-१९ च्या सुमारास नांदेडच्या सीमेवरच्या काही गावांनी 'आम्हाला तेलंगणात घ्या' अशी मागणी केली, ती प्रामुख्याने शेतीच्या योजनांमुळे. पण घराघरातल्या अशा तुलनाही त्यामागे होत्या.

महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी सुमारे २,००० रुपयांचं बेबी केअर किट आणलं. ते मिळतंय का, हे अंगणवाडीत विचारायला हरकत नाही, मिळेलच म्हणून खरेदी थांबवू नये. ही कल्पना मूळची फिनलंडची. तिथे १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या सामानाची पेटी देतात, १९४९ पासून सगळ्याच मातांना. अट एकच होती : चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. पेटी हे आमिष, खरं काम तपासणीचं. आपल्याकडे अटी भरपूर आहेत, पेटीचं तेवढं पुढे-मागे होतं.

मग विकत काय घ्यायचं?

फार थोडं. सात-आठ सुती झबली, धुऊन उन्हात वाळवलेली जुनी बाळुती, दोन दुपटी, टोपडी, मच्छरदाणी, थर्मामीटर, नखं कापायला छोटी कात्री. कुंची शेजारणीकडून येतेच. पावडरच्या दुधाचा डबा आधीच आणून ठेवू नये. पहिल्या तासात अंगावर पाजलं, चिकाचं दूध टाकून दिलं नाही, तर पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा लागत नाही. या डब्यांची जाहिरात करायला आणि मोफत नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे सहसा ग्राहकाला ठाऊक नसतं. वाचलेले पैसे आईच्या खाण्यावर घालावेत : अंडी, डाळ, शेंगदाणे, हळीव. डिंकाच्या लाडवात काजू-बदाम नसले तरी चालतं.

लसींवर तर एक रुपयाही घालायची गरज नाही. न्यूमोनियाची पीसीव्ही आणि जुलाबाची रोटाव्हायरस या खासगीत महागात पडणाऱ्या लसी आता सरकारी लसीकरणात आहेत. आशाताई दवाखान्यातून घरी आल्यावर बेचाळीस दिवसांत सहा वेळा बाळाला बघायला येणं अपेक्षित आहे : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. माहेरच्या आशाताईंना बाळंतीण गावात आल्याचं सांगितलेलंच नसेल, तर त्या कशा येणार?

जन्माची नोंदही जिथे बाळ जन्मलं तिथेच होते. विष्णुपुरीत जन्मलेल्या अहमदपूरच्या बाळाचा दाखला नांदेडहूनच आणावा लागतो. २१ दिवसांत नोंद झाली तर फी नाही. नाव ठरलं नसलं तरी नोंद करता येते, नाव मागाहून घालता येतं, बारशासाठी थांबायचं कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला चालणार आहे, त्यामुळे आई-बापाच्या नावातलं एखादं अक्षर चुकलं तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावं. पुढे आधारपासून शाळेपर्यंत तीच चूक चालत राहते.

आणि मग येतो दुसरा हप्ता. तो पहिल्या टप्प्यातल्या लसीकरणावर अवलंबून असतो. डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. पहिले दोन माहेरच्या गावात होतात. तिसरा येतो तो साडेतीन महिन्यांच्या तोंडावर, म्हणजे साधारण मुलगी बाळाला घेऊन सासरी जायला निघते त्या सुमाराला. कुणी म्हणतं तिकडे गेल्यावर देऊ, तिकडच्या एएनएमकडे आधीची नोंद नसते, तोवर लसीकरणाचा दिवस निघून जातो. इथे कितीतरी घरांचे दोन हजार लांबतात आणि बाळाची लसही लांबते. निघण्याआधी त्या डोसची तारीख बघून जाण्याचा दिवस धरता येतो. ते जमत नसेल तर लोह्याच्या अंगणवाडीत शिक्का मारलेलं ते कार्ड बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत वरच ठेवायचं आणि पोहोचल्यावर पहिल्याच लसीकरणाच्या दिवशी अहमदपूरच्या एएनएमला दाखवायचं.